जुन्या बोगद्यातील पाणी

मननासाठी शास्त्रभाग : ईयोब, अध्याय २८

ईयोबाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारसा वाचला जात नाही. उपदेशकही बहुधा तो ओलांडून पुढे जातात. ह्याचे कारण उघड आहे. त्यात खाणींचे वर्णन आहे, आणि आपण तर शेतकरी व मजूर माणसे. खाण आपणांस ठाऊक नाही. परंतु विहीर आपणांस ठाऊक आहे. ज्याने काळ्या कातळात पहार चालवली, रहाटाच्या दोराने खाली उतरून पाटी भरली, आणि वरचे आकाश थाळीएवढे झालेले पाहिले, त्याला हा अध्याय समजावयास कठीण जाऊ नये. मनुष्य मोलाच्या धातूसाठी काळोखात किती खोल जातो, कोणती संकटे पत्करतो, हे त्यात सांगितले आहे. आणि मग असा प्रश्न केला आहे की, एवढा हुन्नरी मनुष्य शहाणपण मात्र कोणत्या भूमीतून खणून काढणार? ह्या प्रश्नाचा विचार करावा म्हणून आज आम्ही आपणांस एका दूरच्या देशातील सोन्याच्या मुलखात घेऊन जातो.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागी व्हिक्टोरिया नावाचा प्रांत आहे. १ जुलै १८५१ रोजी ती इंग्रजांची निराळी वसाहत झाली. त्याच महिन्यात क्लून्स येथे, ऑगस्टात बॅलरॅट येथे, आणि वर्ष संपण्यापूर्वी बेंडिगो येथे सोने सापडले. ही वार्ता पसरताच धनगरांनी मेंढरे सोडली, खलाशांनी बंदरात गलबते सोडली, शिपायांनी चाकरी सोडली. १८५१ साली त्या वसाहतीत सुमारे ७७ हजार लोक होते. १८६१ साली ते सुमारे ५ लाख ४० हजार झाले. त्या भूमीवर वाथावरुंग, जा जा वुरुंग इत्यादी मूळचे लोक हजारो वर्षे राहत आले होते. त्यांची अनुज्ञा कोणी घेतली नाही. सोन्याच्या ह्या कथेच्या आरंभीच एक मोठा अन्याय आहे, ही गोष्ट आपण पुढे विसरता कामा नये.

प्रथम सोने ओढ्यांच्या वाळूत मिळत असे. आपल्याकडील झारेकरी सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन कण वेचतो, तद्वत् ते लोक पसरट परातीत माती घोळीत. लाकडी पेटी पाळण्यासारखी हालवून तिच्यात वाळू धूत. माती वाहून जाई आणि जड सोने तळाशी राही. वरचे सोने संपल्यावर मात्र भूमीत उतरावे लागले. पुष्कळ ठिकाणी प्राचीन नद्यांची पात्रे ज्वालामुखीच्या रसाखाली गाडली गेली होती. तो रस थिजून जो काळा दगड झाला, तो आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्याच जातीचा होय. तो फोडून, उभे विवर पाडून, लाकडांचे टेकू देऊन, खालच्या गाडल्या गेलेल्या नदीच्या वाळूपर्यंत जावे लागे. दोघे-चौघे भागीदार महिनेच्या महिने खणीत आणि शेवटी नुसती माती हाती येई. शेजारचा मात्र चार हातांवर श्रीमंत होई.

ह्यावरून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल येथे जॉन डीसन व रिचर्ड ओट्स ह्या दोघांस सोन्याचा एक गड्डा सापडला. त्याचे वजन ७० किलोहून अधिक होते. तो कोठे होता? एका झाडाच्या मुळांपाशी, भूमीखाली अवघ्या दोन बोटांवर. डनॉली गावी तो तोलावयास पुरेसा मोठा तराजू नव्हता म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. आता विचारा, हे दोघे इतर हजारोंपेक्षा अधिक भक्तिमान होते काय? आणि जे शंभर हात खोल जाऊन रिकाम्या हाती वर आले, ते अधिक पापी होते काय? नाही. तरी आपण आपल्या गावात असाच हिशेब करीत नाही काय? एकाच्या बांधावर विहिरीला पाणी लागले की आपण म्हणतो, देव त्याजवर प्रसन्न आहे. दुसऱ्याचे पीक गेले की आपण त्याचे पाप शोधू लागतो. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले, आणि देवाने त्यांची कानउघाडणी केली. धनावरून देवाची मर्जी मोजावयास जाऊ नये. त्या कामाचा तराजू आपणांपाशी नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून गंभीर आहे. सोने काढणाऱ्या प्रत्येकाने सरकारचा परवाना घेतला पाहिजे, असा नेम १८५१ सालीच झाला. महिन्याला ३० शिलिंग. सोने मिळो अथवा न मिळो. पोलीस वारंवार अचानक येत आणि ज्याच्यापाशी परवाना नसेल त्यास धरून नेत. ज्या सरकारात त्या लोकांस मताचा अधिकार नव्हता, तेच सरकार त्यांच्या रिकाम्या विवरावरही कर घेत असे. शेवटी १८५४ च्या डिसेंबरात बॅलरॅटच्या युरेका नावाच्या ठिकाणी त्यांनी लाकडांचा कोट रचला व पीटर लेलर ह्यास पुढारी केले. ३ डिसेंबरच्या रविवारी, उजाडण्यापूर्वी, शिपाई त्या कोटावर चालून गेले. वीसहून अधिक खाणकरी व पाच-सहा शिपाई प्राणांस मुकले. लेलरचा एक हात गेला. पुढे तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला झाला, परंतु पंचांनी त्या सर्वांस निर्दोष ठरवले. १८५५ साली मासिक परवाना रद्द होऊन वर्षाला एका पौंडाचा खाणहक्क सुरू झाला, आणि त्याबरोबर मताचा अधिकारही मिळाला. शस्त्र उचलण्याविषयी आपले मत काहीही असो, त्यांचे गाऱ्हाणे खरे होते आणि ते न्याय मागत होते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पुढे काय झाले ते ऐका. चीन देशातून आलेले गरीब लोकही त्याच मुलखात खणीत होते. इतरांनी टाकलेली माती पुन्हा चिकाटीने धुऊन ते पोट भरीत. त्यांचा द्वेष होऊ लागला. ज्या १८५५ साली गोऱ्या खाणकऱ्यांवरचा जुलमी कर गेला, त्याच १८५५ साली व्हिक्टोरियात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला. तो चुकवावा म्हणून हजारो चिनी लोक शेजारच्या वसाहतीत रोब नावाच्या बंदरावर उतरले आणि तेथून ४०० किलोमीटरांहून अधिक वाट पायी तुडवीत सोन्याच्या मुलखात आले. ४ जुलै १८५७ रोजी बकलंड नदीच्या काठी गोऱ्या लोकांच्या जमावाने सुमारे दोन हजार चिनी लोकांस हुसकून लावले, त्यांचे तंबू व देऊळ जाळले. त्यात काही जण मेले. युरेकाच्या त्या पहाटेला तीन वर्षेही झाली नव्हती!

बंधूंनो, जुलूम सोसलेला मनुष्य आपोआप न्यायी होत नाही. पाठीवर वळ असलेला मनुष्य दुसऱ्याच्या पाठीवर कोरडा ओढू शकतो. मिसरातून सुटून आलेल्या इस्राएल लोकांस देवाने मोशेच्या द्वारे पुन्हा पुन्हा बजावले की, तुम्हीही एकदा परके होता, हे विसरून परक्यास छळू नका. हे त्यांस वारंवार का सांगावे लागले? कारण सुटलेला मनुष्य हेच सर्वांत आधी विसरतो.

त्या चिनी लोकांत प्रभूचे सेवकही निपजले, हे आमच्या उपदेशक बंधूंनी स्मरणात ठेवावे. चोक होंग चेओंग नावाचा मुलगा १८६० नंतरच्या दशकात बॅलरॅटास आला, तेथे शिकला, आणि पुढे मेलबर्न येथे आपल्या लोकांत सुवार्तिक झाला. १८७९ साली त्याने आणखी दोघा चिनी गृहस्थांसह एक पत्रिका प्रसिद्ध करून, ख्रिस्ती म्हणवणारे सरकार आपल्या लोकांशी अन्यायाने वागत आहे हे निर्भीडपणे दाखवून दिले. ज्यांनी त्यास शुभवर्तमान दिले, त्यांनाच त्याने त्या शुभवर्तमानाच्या कसोटीवर घासून पाहिले. सुवार्तिकाचे हेही एक काम आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि तिच्यासाठीच आम्ही हे सर्व लिहावयास घेतले.

बॅलरॅटच्या उत्तरेस काही कोसांवर क्रेस्विक नावाचे गाव आहे. तेथे न्यू ऑस्ट्रेलेशियन नावाची खोल खाण होती. तिच्या शेजारी त्याच कंपनीची एक जुनी खाण होती. ती सोडून दिलेली असून तिचे बोगदे पाण्याने भरलेले होते. नव्या खाणीचे बोगदे कोणीकडे न्यावयाचे हे नकाशावरून ठरत असे. नकाशाप्रमाणे जुने पाणी पुष्कळ दूर होते. परंतु नकाशा चुकीचा होता. १२ डिसेंबर १८८२ रोजी पहाटे, रात्रपाळीची माणसे काम करीत असता, मधली माती फुटली आणि जुन्या बोगद्यातील पाणी एकाएकी आत घुसले. काही जण धावत विवरापाशी पोहोचले व वर आले. सत्तावीस जण आत अडकले.

पाणी चढू लागले तसे ते एका उंच जागी गेले. वर गावातील माणसे जमली. पाणी उपसण्याची यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवली. बायकामुले विवराच्या तोंडापाशी उभी राहिली. दोन दिवसांहून अधिक काळ लोटल्यावर मदतीला गेलेले लोक आत पोहोचू शकले. तेव्हा पाच जण जिवंत होते. बावीस जण गेले होते. त्यांच्याजवळ चहापाण्याचे टिनाचे डबे सापडले. काळोखात, पाणी गळ्याशी येत असता, काहींनी त्या डब्यांवर घरच्या माणसांसाठी शेवटचे निरोप खरडून ठेवले होते. त्यांच्या पायांखालच्या वाळूत सोने होतेच. परंतु त्या घटकेस त्यांनी जे जपून ठेवले ते प्रियजनांची नावे.

हे वाचल्यापासून एक विचार आमच्या मनातून जात नाही. त्या माणसांस नव्या पाण्याने बुडवले नाही. ते पाणी पावसाचे नव्हते, नदीच्या पुराचे नव्हते. ते पाणी जुने होते. ते तेथे स्तब्ध उभे होते, आणि दरम्यान मातीची एक भिंत होती. भिंत उभी होती तोवर सर्व काही ठीक आहे असे वाटत होते.

येथे आम्हांस स्वतःविषयी काही सांगितले पाहिजे. सेमिनरीतील अभ्यास संपवून आम्ही एका खेड्यातील मंडळीचे पाळक झालो, तेव्हाची ही गोष्ट. त्या मंडळीत बहुतेक घरे पूर्वाश्रमीच्या एकाच जातीची होती. त्यांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवर पाय ठेवण्याची बंदी होती, आणि त्या अपमानाच्या कथा ते आम्हांस डोळ्यांत पाणी आणून सांगत. पुढे दुसऱ्या एका जातीतील, म्हणजे हे लोक ज्यांस आपल्याहून हलके समजत अशांतील, एका कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला. मंडळीने टाळ्या वाजवल्या, नारळ वाटले. परंतु उपासनेच्या वेळी ते कुटुंब दारापाशी बसे. प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्याकडे सर्वांच्या शेवटी जाई. नाताळच्या जेवणात त्यांची पंगत कशी कोण जाणे नेहमी निराळी पडे. कोणी उणा शब्द बोलत नसे. तेथील वृद्ध उपदेशक एकदा आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, त्या घराकडे प्याला नेहमी शेवटीच का जातो, हे आपण एकदा पंचांस विचारावे." आम्ही म्हणालो, "काका, मंडळी नवी आहे, हळूहळू होईल." आणि वार्षिक अहवालात आम्ही लिहिले की, मंडळीत ऐक्य व शांती आहे. असे तीन वर्षे लिहिले.

तिसऱ्या वर्षी त्या घरची लहान मुलगी तापाने गेली. स्मशानभूमीत कोणत्या जागी खळगा खणावयाचा, ह्यावर पंचांपैकी दोघांनी हरकत घेतली. शब्दाने शब्द वाढला. त्या घटकेस, त्या लहानशा पेटीसमोर, जुने सर्व पाणी एकदम बाहेर आले. पुढील रविवारी ते कुटुंब आले नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीच्या आईने आम्हांस घोंगडी अंथरून दिली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि एवढेच म्हणाली, "पाळकसाहेब, तुमास्नी समदं ठावं व्हतं."

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. क्रेस्विकचा नकाशा चुकून खोटा निघाला होता. आमचा नकाशा आम्ही जाणूनबुजून खोटा काढला होता. ते कुटुंब पुढे दुसऱ्या गावच्या मंडळीत गेले. त्यांनी प्रभूला सोडले नाही, ही त्याची कृपा. त्यात आमचे काही नाही. आम्ही त्यांची क्षमा मागितली. ती त्यांनी दिली. परंतु त्या मंडळीत ते परत आले नाहीत, आणि परत या म्हणावयास आमची जीभ उचलली नाही.

म्हणून, प्रिय उपदेशक बंधूंनो, ही विनंती आम्ही तुमच्याहून शहाणे म्हणून करीत नाही, तर त्या पाण्यात एकदा सापडलेले म्हणून करीत आहो. आपल्या मंडळीचा नकाशा खरा काढा. कोण कोठे बसतो, कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, कोणत्या दोन भावांमध्ये बांधाचा तंटा वडिलांच्या वेळेपासून पडून आहे, कोणत्या विधवेचे पैसे कोणी बुडवले आहेत, लग्न जमवताना आपले वडीलजन अजून काय विचारतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. आपल्या मनातच त्याची नोंद करून थांबू नका. पुढील प्रभुभोजनापूर्वी त्यांपैकी एक तरी गोष्ट हाती घ्या. दोघांस एकत्र बसवा, प्रार्थना करा, आणि नावे घेऊन बोला. प्याला ह्या वेळी दारापाशी बसणाऱ्यापासून सुरू करा. आणि अहवालात, जेथे शांती नाही तेथे शांती आहे असे लिहू नका. वरिष्ठ नाराज झाले तरी चालतील. जिवंत माणसे खोट्या नकाशावर भरवसा ठेवून खाली उतरत असतात.

आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, हे काम उपदेशकावर टाकून तुम्ही मोकळे होऊ नका. प्रत्येकाच्या अंतःकरणात एक सोडून दिलेला बोगदा आहे. आपण म्हणतो, ते जुने झाले, आता त्याचे काय? परंतु जुने झाल्याने पाणी आटत नाही. ते उपसावे लागते. पापाची कबुली म्हणजे तोच उपसा होय. तो कष्टाचा आहे आणि लाज आणणारा आहे, परंतु ज्याने तो केला त्याच्या पायांखालची भूमी कोरडी होते. ईयोबाच्या त्या अध्यायाच्या शेवटी शहाणपणाचा ठाव सांगितला आहे. ते कोणत्याही खाणीत नाही. देवाचा धाक बाळगावा आणि वाईटाकडे पाठ फिरवावी, ह्यातच ते आहे असे तेथे म्हटले आहे. ही भूमी खोल नाही. ती दोन बोटांवर आहे, आणि ती खणावयास कोणाचा परवाना लागत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या मंडळीत भिंत फुटून गेली आहे, आता उशीर झाला. त्यास आम्ही क्रेस्विकच्या लोकांचीच आठवण देतो. त्यांनी पहिल्या दिवशी यंत्रे थांबवली नाहीत, दुसऱ्या दिवशीही थांबवली नाहीत. आत कोण जिवंत आहे हे त्यांस ठाऊक नव्हते, तरी ते उपसत राहिले. आणि पाच जण वर आले. तेवढ्या घरांत त्या रात्री रडण्याचा सूर निराळा होता. ज्या प्रभूने शंभरातील एका मेंढरासाठी वाट तुडवली, तो पाचांस थोडे म्हणणार नाही, आणि एकासही नाही.

चला, आपण प्रार्थना करू. हे दयाळू देवबापा, आम्ही वर उजेडात बसून आमचे नकाशे सुंदर काढतो, आणि खाली काळोखात काय साठले आहे हे तुला दिसते. आमच्या मंडळ्यांतील जुने पाणी आम्हांस दाखव. ते उपसण्याचे बळ दे, आणि लाजेने आमचे हात थांबू देऊ नको. आम्ही ज्यांस दारापाशी बसवले त्यांस तू आपल्या मेजाच्या डोक्याशी बसवतोस. आम्हांसही त्यांच्या शेजारी जागा दे. आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या नावाने मागतो. आमेन.